वॉरंटी घालवण्याची शास्त्रोक्त पद्धत

नवी गाडी घेताना शोरूममधून दोन गोष्टी फुकट मिळतात, पेढ्यांचा बॉक्स आणि वॉरंटी. पेढे त्याच संध्याकाळी संपतात. वॉरंटी मात्र हल्ली बऱ्याच गाड्यांना तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर अशी चिकटून बसते, आणि तोवर फुकट दुरुस्तीचं ओझं मालकाला वाहावं लागतं. इतका धीर ज्यांना धरवत नाही, अशा होतकरू गाडीमालकांसाठी हे मार्गदर्शन आहे. दुचाकीवाल्यांनीही वाचावं, जरी त्यांचा या क्षेत्रातला अनुभव मुळातच दांडगा असला.

पूर्वतयारी म्हणजे वॉरंटीची पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढायची नाही. वाचलीत तर निराशा पदरी येईल, कारण वॉरंटी लोक समजतात तितक्या सहज जात नाही. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपरचं रबर या झिजणाऱ्या वस्तू तिच्यात बहुधा नसतातच, आणि टायर-बॅटरीसाठी त्या बनवणाऱ्यांकडे बोट दाखवलेलं असतं. बाहेरून काही बसवलं तर साधारण अट एवढीच असते की त्या बदलामुळे झालेला बिघाड कंपनी भरून देणार नाही. म्हणजे दारातले स्पीकर बदलले म्हणून गिअरबॉक्सची वॉरंटी मरत नाही. नवशिके इथेच फसतात. मॅट टाकतात, बंपरला लिंबू-मिरची बांधतात आणि आपण मोठं मॉडिफिकेशन केलं अशा समजुतीत राहतात.

सीट कव्हरला मात्र कमी लेखू नये. पुढच्या सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर तिथे शिवणीजवळ एक छोटं लेबल असतं. नेमकं त्याच्यावरून जाड लेदरेटचं कव्हर ताणून बसवावं. वॉरंटीचा प्रश्न मग दुय्यम होतो, कारण एअरबॅगलाच बाहेर यायला वाट उरत नाही. डॅशबोर्डवरच्या पॅसेंजर एअरबॅगच्या झाकणावर मूर्ती चिकटवणाऱ्यांना शेजारी बसणाऱ्याचा इतका राग का असतो, हे मला कधी कळलेलं नाही.

खरं यश वायरिंगमध्ये आहे. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, आणि बाकी गावोगावी हायवेला लागून या विद्येची पीठं आहेत. कारागीर निवडताना त्याच्या तोंडचं एक वाक्य ऐकून घ्यावं. “काही होत नाही, साहेब” असं तो हातातला ब्लेड न थांबवता म्हणाला, तर माणूस योग्य आहे. याउलट “कपलर टू कपलर बसवू, रिले टाकू, बॅटरीवरून फ्यूज घालून वेगळी लाइन ओढू” असं कोणी बोलू लागला तर तिथून उठावं. तो पैसेही जास्त घेईल आणि वॉरंटीला धक्काही लागू देणार नाही. आपल्याला हवाय तो मूळ वायरचं साल सोलून त्यावर दुसरी वायर पिळणारा आणि वर काळी टेप गुंडाळणारा. हेडलाइटचा हॅलोजन एच-फोर बल्ब ६०/५५ वॅटचा असेल, तर त्याच होल्डरमध्ये १००/९० चा घालावा. वायर तापते, होल्डर आधी पिवळा पडतो आणि मग वितळतो. ट्रम्पेट हॉर्न रिलेशिवाय जोडला की स्विचचे पॉइंट जळतात. राहिलेलं काम पहिल्या पावसात टेप सुटली की आपोआप होतं.

या पद्धतीचा मोठेपणा असा, की एका फॉगलॅम्पच्या हौसेत अर्धी गाडी संशयित होते. हार्नेसमध्ये कुठेही बाहेरचा जोड दिसला की पॉवर विंडो, सेन्सर, टचस्क्रीन, बॉडी कंट्रोल मॉड्यूल यांपैकी काहीही बिघडलं तरी बोट त्या जोडाकडे जातं. तसं नाही हे दाखवताना मालकाची दमछाक होते. पाचशे रुपयांत इतकी मोठी वॉरंटी घालवण्याचा दुसरा उपाय माझ्या पाहण्यात नाही.

चाकांबद्दल थोडक्यात. अलॉय दोन इंच मोठे घ्यावेत, स्पेसर लावून ते बाहेर काढावेत, आणि टायरचा एकूण व्यास मूळ मापाशी जुळतो का ते तपासू नये. स्पीडोमीटर खोटं बोलू लागेल, बेअरिंग आणि सस्पेन्शनच्या बुशवर ताण येईल. त्यांची तक्रार घेऊन गेलात की सर्व्हिस सेंटरचा ॲडव्हायझर गाडीकडे न बघता चाकाकडे बघेल.

प्रगत विद्यार्थ्यांसाठी ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, रीमॅप. टर्बो गाडीत लॅपटॉप जोडून बूस्ट आणि इंधनाचं गणित बदललं की खरोखर ताकद वाढते, हे मान्य करायला हवं. ती ताकद क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बो यांच्या राखीव खात्यातून काढलेली असते. सर्व्हिसच्या आदल्या दिवशी मूळ फाइल परत टाकून साळसूदपणे गाडी नेण्याची प्रथा आहे, तीही अवश्य पाळावी. अनेक ईसीयू आपल्यात किती वेळा लिहिलं गेलं याची नोंद ठेवतात, आणि ती नोंद कंपनीच्या स्कॅनरला दिसते. म्हणजे वॉरंटीबरोबर अब्रूही जाते.

बुलेटवाल्यांनी सायलेन्सर बदलावा. मूळ सायलेन्सरबरोबर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला तर ऑक्सिजन सेन्सर गोंधळतो आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवरून रोडरोलर फिरवल्याचे फोटो पेपरात येतात. त्यात आपला दिसला तर कात्रण जपावं. इथे कायद्याचाही हातभार लागतो. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर बोलताना सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२अ बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही देऊ करतं. वॉरंटी आणि हे खातं वेगळं आहे, पण एकाच सायलेन्सरमध्ये दोन्ही होत असेल तर का सोडा?

काटकसरी मंडळींसाठी सीएनजी किट. यात एक सुंदर गोंधळ दडलेला आहे, तो बिघडवू नये. आरटीओची मान्यता म्हणजे रस्त्यावर चालवायची मान्यता. कंपनीच्या वॉरंटीशी तिचा संबंध नाही. मान्यताप्राप्त किट, आरसी बुकात नोंद, विम्यात किटच्या किमतीवर चार टक्के भरून घेतलेलं वाढीव कलम, दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, एवढं सगळं नीट करूनही इंजिनाच्या क्लेमला नकार मिळू शकतो. शोरूममध्येच बसवलं म्हणजे ते कंपनीचंच, हा समज तर देवघरात ठेवावा असा. डीलरने बसवलेलं आणि कारखान्यातून बसून आलेलं यांत वॉरंटीच्या दृष्टीने खूप अंतर असू शकतं. त्यामुळे “हे कंपनीच्या जेन्युइन ॲक्सेसरीत आहे का, आणि बिलावर तसं लिहून द्याल का?” हे विचारायचं नाही.

आता पथ्य. एवढ्या कष्टाने घालवलेली वॉरंटी परत येऊ शकते, म्हणून जपावं. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागू नये. कोणता भाग, कोणत्या बदलामुळे, कशावरून, असे प्रश्न काढू नयेत. जॉबकार्डवर नुसतं “मॉडिफिकेशन” लिहिलं असेल तर मुकाट सही करावी. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. त्याच आदेशात म्हटलं, की गाडी बाहेरच्या गॅरेजात दुरुस्त केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. त्यावर पुढे अपिलं झाली, आणि तो आदेश दुरुस्तीबद्दल आहे, ट्रम्पेट हॉर्नबद्दल नाही. तरीही तो वाचलेला मालक काउंटरवर अवघड जातो, तेव्हा वाचू नये. न्यू जर्सीतला भाचा अमेरिकेच्या १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याची लिंक पाठवेल. त्याला अंगठा दाखवणारी इमोजी पाठवावी. तो कायदा तिकडचा. इकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. त्याखाली आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, वकील हवाच असं नाही. ही माहिती शेजाऱ्यालाही देऊ नये.

इतकं सांभाळूनही तोंडातून “लेखी द्या” निघून गेलंच, तर ॲडव्हायझर आत जातो आणि मॅनेजरला घेऊन येतो. चहा येतो. मॅनेजर जॉबकार्ड परत बघतो, कुठेतरी फोन लावतो आणि म्हणतो, “असं करू सर, पार्टचे पैसे कंपनी देईल, लेबर तुम्ही द्या.” तिथे ठाम नकार द्यावा आणि पूर्ण बिल भरून निघावं.