पावसाळी गाडीवाले काका

बावधनात पावसाळा सुरू झाला हे आम्हाला आभाळाकडे बघून कळत नाही, पार्किंगकडे बघून कळतं. थोरलीवर कव्हर चढलं आणि धाकटीच्या टपावरची धूळ पुसली गेली, की मृग लागला समजायचं.

थोरली म्हणजे काकांची पांढरी एसयूव्ही. उंच, रुबाबदार, वर सनरूफ. धाकटी म्हणजे मारुती आठशे, 2008 चं मॉडेल, सेकंडहँड घेतलेली. वयाने खरं तर धाकटीच मोठी, पण काकांकडे मान किमतीवर ठरतो. थोरलीला पाऊस लागू नये एवढ्यासाठी माणसाने आख्खी दुसरी गाडी बाळगावी का, हा प्रश्न काकांना कधी विचारायचा नाही. ते उत्तर देतात.

काका चिंचवडच्या एका कारखान्यात स्टोअर्सला होते. माल शिल्लक असला तरी मागितल्याबरोबर द्यायचा नाही, या एका तत्त्वावर त्यांची उभी नोकरी झाली. थोरली घेतली ती मुलाच्या आग्रहाखातर. शोरूममधून घरी आणताना काकू म्हणाल्या, "तशीच भूगावपर्यंत एक चक्कर मारून येऊ या की!" काका म्हणाले, "अगं, नवीन आहे ना अजून!" ते नवेपण आजतागायत संपलेलं नाही.

काकांची बाजू अगदीच लंगडी नाही. बावधन आहे पुणं संपून मुळशी सुरू होते तिथे. पौड रोडने जसजसं पश्चिमेला जावं तसतसा पाऊस वाढत जातो, त्यामुळे डेक्कनला भुरभुर असते तेव्हा आमच्याकडे सर असते. त्यात जिकडे तिकडे बांधकामं. डंपरच्या चाकांबरोबर रस्त्यावर आलेल्या मातीचा पहिल्या सरीत जो काला होतो, तो पांढऱ्या रंगाला सोसणारा नाही. बावधन खुर्द 1997 साली महापालिकेत गेलं, बुद्रुक 2021 साली. खड्डे मात्र खुर्द-बुद्रुक बघून पडत नाहीत. "थोरली एकदा खड्ड्यात आपटली," काका म्हणतात, "तर सस्पेन्शनला जो खर्च येईल त्यात धाकटी वर्षभर पळते!"

ऐकायला हे पटतं. पण काकूंनी वाण्याच्या बिलामागे मांडलेला हिशेब निराळा आहे. धाकटीला 15 वर्षं झाली तेव्हा नोंदणीचं नूतनीकरण आलं, त्याचे 5,000 रुपये. एप्रिल 2022 च्या आधी हेच काम 600 रुपयांत होत होतं. वर पर्यावरण कर. थर्ड पार्टी विमा दरसाल 2,094 रुपये अधिक जीएसटी. पीयूसी वेगळं, दुसऱ्या पार्किंगचं भाडं वेगळं. मग ती नवी सुरक्षित नंबरप्लेट. तिची मुदत 2025 मध्ये पुन्हा पुन्हा वाढत गेली, पण काकांनी ती पहिल्याच मुदतीत बसवून घेतली आणि मग उरलेलं वर्षभर ज्यांनी बसवली नव्हती त्यांच्याकडे ते दुखावल्यासारखे बघत राहिले. या सगळ्यावर कडी म्हणजे विम्याचा घसाऱ्याचा तक्ता. दुसऱ्या वर्षात गाडीची किंमत 20 टक्क्यांनी खाली धरतात, तिसऱ्यात 30, पाचव्यात 50. गाडी चिखलातून हिंडली की कव्हरखाली झोपली, असा रकानाच त्या तक्त्यात नाही. काकांनी तो तक्ता वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे छापणाऱ्याने गाडी कधी जपलेली दिसत नाही."

जपणं म्हणजे नुसतं झाकणं नव्हे. झाकलेल्या थोरलीचे लाड फार असतात. पहिला शत्रू उंदीर. पावसाळ्यात बिळात पाणी शिरलं की उंदरांना बॉनेटखालची कोरडी जागा आवडते, आणि तिथल्या वायरी त्याहून आवडतात. त्यावर काका इंजिनाभोवती तंबाखूच्या पुरचुंड्या आणि डांबराच्या गोळ्या ठेवतात. इकडे धाकटीला एसी नाही, त्यामुळे पावसात तिच्या काचेवर वाफ धरते. त्यावरही जुन्या ड्रायव्हर मंडळींचा उपाय तंबाखूच. ओली करून काचेवर चोळायची. ही सगळी तंबाखू गेटवरच्या वॉचमनमामांकडून येते. मामांची बरेच दिवस समजूत होती की काकांना म्हातारपणी व्यसन लागलंय, आणि सज्जन माणसाची लाज राखायची म्हणून ते कोणाला काही बोलत नव्हते.

दुसरा शत्रू बॅटरी. गाडी उभी राहिली की ती उतरते. म्हणून पावसाळ्यात दर रविवारी सकाळी काका थोरलीचं कव्हर काढतात, काकूंना बोलावतात आणि दोघं आत बसतात. इंजिन सुरू, एसी सुरू, आकाशवाणी सुरू. गाडी जागेवर. काकू चांगली साडी नेसलेल्या असतात, कारण थोरलीत घरच्या कपड्यांवर बसायचं नाही. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी विचारलं, "काय काका, कुठे निघालात?"

काच दोन बोटं खाली आली. "बॅटरीला," काका म्हणाले.

आता खरी गोष्ट सांगायची तर काका हा एक माणूस नाही. थोरलीतले काका निराळे आणि धाकटीतले निराळे, आणि दोघांची फारशी ओळख असेल असं वाटत नाही.

थोरलीतले काका स्टोअर्सला आहेत. गाडीत चढण्यापूर्वी चपला झटकायच्या, दार हळू लावायचं, छत्री आणायची नाही, वडापाव तर मनातसुद्धा आणायचा नाही. भर दुपारीसुद्धा झाडाखाली गाडी लावत नाहीत, कारण झाडावर पक्षी असतात. कोणाचं दार घासू नये म्हणून लग्नकार्याला कार्यालयापासून इतक्या लांब लावतात की पुढे दोघं रिक्षाने जातात. चांदणी चौकात तर त्यांची अवस्था बघवत नाही. 12 ऑगस्ट 2023 ला तिथल्या नव्या पुलाचं उद्घाटन झालं, आणि इतके रॅम्प झाले की वळण चुकलं तर कोथरूडला निघालेला माणूस वारज्याला पोचतो. थोरलीतले काका मागच्याला वाट देतात, बाजूच्याला वाट देतात, आणि वाटा देता देता स्वतःची चुकवतात. वारज्याची भाजी स्वस्त असते, हे त्यांना असंच कळलं.

धाकटीतले काका म्हणजे बावधनचे राजे. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, एवढीएवढीशी चाकं, आणि आत मोठ्या गाडीत मावणार नाही असं मन. भर पावसात पौड रोडवर बससाठी ताटकळलेल्या, घरकामाला येणाऱ्या मावशी दिसल्या की धाकटी थांबते. मागे तिघी, पुढे एक, मांडीवर पिशव्या. ओल्या छत्र्या पायाशी, पायाचा चिखल गालिच्यावर. गालिचा म्हणजे सिमेंटचं पोतं. शाळेची बस चुकलेली पोरं, मामांचं तांदळाचं पोतं, कोणाचा गॅस सिलिंडर, कोणाची कुंडीसकट तुळस, सगळ्याला धाकटी. भाद्रपदात सोसायटीचा गणपती येतो तो काकूंच्या मांडीवर, धाकटीतून. थोरलीत मूर्तीचा ओला रंग लागला असता. आणि चांदणी चौकात एखाद्या टेम्पोने आडवं घातलं तर हेच काका खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणतात, "घास रे बाबा, घास! इथे आधीच जागा करून ठेवलीय!" टेम्पोवाला मुकाट्याने मागे होतो. गमावण्यासारखं काही नसलेल्या माणसाशी रस्त्यात कोणी भांडत नाही.

म्हणून आमच्या सोसायटीत पावसाची वाट शेतकऱ्यांइतकीच आतुरतेने बघितली जाते. 2025 मध्ये मान्सून 24 मेला केरळात आणि 26 मेला पुण्यात आला. काका हादरले. "दोन दिवसांची नोटीस? भाडेकरूलासुद्धा महिन्याची देतात!" कव्हर तेव्हा शिवायला दिलेलं होतं. मावशी मात्र खूश होत्या. त्यांची गाडी दोन आठवडे आधी सुरू झाली होती.

जुन्या वस्तूंवर काकांची श्रद्धा आहे आणि तिला त्यांच्याकडे पुरावा आहे. चांदणी चौकातला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्रीनंतर पाडला, तेव्हा सुमारे 600 किलो स्फोटकं भरली होती. आम्ही सगळे गच्चीवर. मोठा आवाज झाला, धूळ उठली, आणि धूळ बसल्यावर पाहतो तर पुलाचा बराच भाग उभाच! उरलेला मग पोकलेनने पाडावा लागला. ती रात्र काकांच्या आयुष्यातली फार समाधानाची. "बघितलंत? आत सळई आहे! हल्लीचं काही असतं तर नुसत्या आवाजाने पडलं असतं." असं म्हणून ते धाकटीकडे बघून आले.

परीक्षेची वेळ आली ती जुलै 2024 मध्ये. 25 तारखेला सकाळी ताम्हिणीत 24 तासांतला पाऊस 556 मिलीमीटर मोजला गेला. त्या रात्री इकडे रामनदी फुगलेली आणि आमच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी यायला लागलेलं. काका धावत खाली गेले, कव्हर ओढून काढलं आणि थोरलीला पावसापासून वाचवण्यासाठी भर पावसात बाहेर काढली. चढावर नेऊन उभी केली आणि झाडाची फांदी पडू नये म्हणून रात्रभर आत बसून वर बघत राहिले. सनरूफचा काकांनी केलेला तेवढाच उपयोग. धाकटी तळघरात, अर्धी चाकं पाण्यात.

सकाळी पाणी ओसरल्यावर शेजारच्या मुलाने मदत म्हणून धाकटीची चावी फिरवायला घेतली, तर काका केवढ्यांदा ओरडले. मग तिथेच सगळ्यांची शिकवणी घेतली. इंजिनात पाणी गेलं असेल तर चावी लावायची नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान साध्या विम्यात सहसा बसत नाही, त्याला 'इंजिन प्रोटेक्ट' वेगळं घ्यावं लागतं. प्लग काढून पुसले, वायरी वाळवल्या, आणि दुपारी धाकटी खोकत खोकत सुरू झाली. थोरलीच्या आतल्या दिव्यांनी रात्रभरात बॅटरी संपवली होती. ती ढकलून आणली.

आपण एकटे नाही याची खात्री काकांना अमेरिकेतून मिळाली. त्यांचा भाचा डेट्रॉइटला असतो. त्याने फोनवर सांगितलं की तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. मिठाने पाणी लवकर गोठत नाही, पण गाडीचा पत्रा खालून गंजतो. म्हणून लोक हिवाळ्यापुरती एक खटारा गाडी ठेवतात आणि चांगली गॅरेजमध्ये झाकतात. डेट्रॉइट शहराच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची खाणच आहे, त्यामुळे मिठाला तोटा नाही. काका हे ऐकून उठून उभे राहिले. मोटारींची राजधानी म्हणवणारं शहर आपल्या पद्धतीने वागतं! पुढचे काही दिवस भेटेल त्याला ते "आम्ही आणि डेट्रॉइटवाले" असं म्हणायचे. काकू म्हणाल्या, "तिकडे बर्फ संपला की कव्हर निघतं. आपल्याकडे?"

प्रश्न मर्माचा होता. पाऊस ऑक्टोबरात जातो. दसऱ्याला थोरलीला झेंडूचा हार पडतो आणि ती गेटपर्यंत जाऊन येते. मग दिवाळी, म्हणजे फटाके. नंतर थंडी आणि कोरडी हवा, म्हणजे बांधकामाची धूळ. होळीला रंग. एप्रिल-मेमध्ये उन्हाने पॉलिश उडतं. मध्ये कुठे दोन दिवस मोकळे मिळाले तर त्यात सर्व्हिसिंग, कारण गाडी चालो न चालो, वर्षाचं ऑइल बदलावंच लागतं. थोरली सर्वांत जास्त चालली आहे ती सर्व्हिस सेंटरच्या रस्त्याने.

हे असंच सुखाने चालू राहिलं असतं. पण सोसायटीत एक तरुण राहायला आला. इंजिनिअर, जुन्या गाड्यांचा शौकीन. तो थोरलीजवळून सरळ पुढे गेला आणि धाकटीपाशी थबकला. "काका, आठशे? आणि मूळ रंगात?" मग त्याने सांगितलं: पहिली आठशे डिसेंबर 1983 मध्ये दिल्लीत इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली, शेवटची 18 जानेवारी 2014 ला कारखान्यातून निघाली. पुण्यात तर भारत स्टेज चार आल्यामुळे नवी आठशे मिळणं एप्रिल 2010 लाच थांबलं. "हिचे भाग पुढे मिळणार नाहीत काका. तुमच्या त्या एसयूव्हीचं काय, रोज हजारांनी निघतात. आपटली तर विमा आहे. हिला जपा."

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला उत्तर दिलं नाही.

त्या वर्षी मृगाला पार्किंगमध्ये जे दिसलं त्यावर कोणाचाच विश्वास बसेना. नव्या कोऱ्या कव्हरखाली धाकटी. चारी बाजूंनी तंबाखूच्या पुरचुंड्या. आणि भर पावसात, चिखलात, गेटमधून बाहेर पडत होती थोरली. मावशी सवयीने पुढे झाल्या. काच दोन बोटं खाली आली. "पाय पुसलेत का? छत्री ती डिकीत… नको, डिकीत नको. असं करा ना, आज बसने जा." रविवारी काका-काकू धाकटीत बसले. काकूंनी या वेळी साधीच साडी नेसली होती आणि बरोबर भेळ आणली होती. भेळ परत गेली.

पंधरवड्यात सोसायटीचे हाल झाले. मामांचं पोतं ओलं झालं, पोरांच्या शाळा बुडाल्या, आणि गणपती कशातून आणायचा यावर कमिटीची बैठक बसली. शेवटी सेक्रेटरींनी पिरंगुटहून एक खटारा हुडकून आणला. दार एक रंगाचं, बॉनेट दुसऱ्या, मागची काच गायब. वर्गणी आम्हीच काढली. काकांना खाली बोलावलं आणि सगळे श्वास रोखून उभे राहिलो.

काका गाडीभोवती एक फेरी मारून आले. टायर दाबून बघितलं. दार उघडून लावलं, ते पुन्हा आपोआप उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावर मायेची छटा उमटलेली पाहून काकूंनी कपाळाला हात लावला.

"हिला," काका म्हणाले, "कव्हर कुठल्या मापाचं बसेल हो?"