डॅम्पर कुठे आहे, महाशय?

प्रति,
स्वस्त माउंटन बाइकवर दिखाऊ सस्पेन्शन फोर्क बसवण्याचा निर्णय घेणारे महाशय,
प्रॉडक्ट प्लॅनिंग विभाग, सायकल कंपनी.

विषय : बारा-पंधरा हजारांच्या सायकलीवर बसवलेली अडीच किलोची फसवणूक.

महाशय,

तुम्ही कुठल्या कंपनीत बसता, याने काही फरक पडत नाही. या किमतीत गिअरच्या सायकली विकणाऱ्या बहुतेक कंपन्यांमध्ये तुमच्यासारखं कोणीतरी आहे आणि त्याने हाच निर्णय घेतलेला आहे. म्हणून पत्र उघड लिहितो आहे. ज्याला लागू पडेल त्याने आपलं समजून वाचावं.

दुकानात आलेलं गिऱ्हाईक सर्वांत आधी काय करतं, हे तुम्ही नीट हेरलेलं आहे. ते हँडलवर दोन्ही हात ठेवून जोरात दाब देतं. फोर्क खाली जातो, टुणकन वर येतो. शाळकरी पोरगं खूश होतं, बापाला पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात, दुकानदार ‘पुढे शॉकअप आहे, साहेब’ म्हणतो आणि सौदा होतो. तुमच्या फोर्कची खरी परीक्षा त्या फरशीवरच असते आणि तिथे तो पैकीच्या पैकी गुण मिळवतो. दगडात, खड्ड्यात आणि उतारावर तो नापास होतो, पण तोवर बिल फाडून झालेलं असतं.

फोर्क कशासाठी असतो, ते आधी बोलू. मनगटांना आराम मिळतो हा त्याचा जोडफायदा. त्याचं मुख्य काम पुढचं चाक जमिनीला धरून ठेवणं हे आहे. टायर जमिनीला टेकलेला असेल तरच सायकल वळते आणि तरच ब्रेक लागतो. हवेत उचललेल्या चाकाला कितीही भारी डिस्क ब्रेक लावा, सायकल थांबणार नाही. म्हणजे फोर्क हा सुरक्षेचा भाग आहे आणि तुम्ही त्याला सजावटीचा भाग करून टाकलंत.

चाक जमिनीला धरून ठेवायला दोन गोष्टी लागतात: स्प्रिंग आणि डॅम्पर. स्प्रिंग धक्का पोटात घेते, पण घेतलेला जोर ती तसाच परत फेकते. तो फेकू न देता बारीक छिद्रांतून तेल ढकलण्यात मुरवायचा आणि त्याची उष्णता करायची, हे डॅम्परचं काम. बँकेच्या काचेच्या दाराला वर बसवलेला क्लोजर आठवा. आतली स्प्रिंग दार ओढते, तेल त्याला सावकाश मिटवतं; तेल गळून गेलं की तेच दार धाडकन आपटतं. तुमचा फोर्क म्हणजे पहिल्या दिवसापासून तेल नसलेला क्लोजर. आत एक कॉइल स्प्रिंग, फार तर रबरी इलॅस्टोमरचा एक तुकडा आणि भरपूर ग्रीस. दगडावर तो दबतो आणि पुढच्याच क्षणी हँडल स्वाराच्या छातीकडे उसळवतो. लागोपाठ तीन दगड आले, तर तिसऱ्यापर्यंत चाक कुठे आहे याचा स्वाराला पत्ता नसतो.

स्वस्तात हे जमत नाही, असं तुमचं उत्तर असेल. जमत नसेल, तर जमल्याचं दाखवूही नका. लोकांचा फोर्कवर विश्वास कशामुळे बसला, त्याचा थोडा इतिहास ऐका. पॉल टर्नरने 1989 मध्ये रॉकशॉक्स सुरू केली. कंपनीचा पहिला फोर्क आरएस-1 जेमतेम 50 मिलिमीटर दबायचा, पण त्यात हवेची स्प्रिंग होती आणि तेलाचं डॅम्पिंगही होतं. 1990 मध्ये अमेरिकेतल्या डुरँगोला माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा भरली, तेव्हा ग्रेग हर्बोल्डने रॉकशॉक्सचा फोर्क लावून डाउनहिलचं विजेतेपद मिळवलं. सस्पेन्शनवर लोकांचा विश्वास बसला तो अशा फोर्कमुळे. त्या विश्वासाचं बाह्यरूप तुम्ही उचललंत, दोन चकचकीत नळ्या ठेवल्यात आणि ज्या भागामुळे विश्वास बसला होता तोच काढून टाकलात.

वर नॉब बसवायला मात्र विसरला नाहीत. प्रीलोडचा तो नॉब फिरवला की फोर्क कडक झाला, असं गिऱ्हाइकाला वाटतं. प्रत्यक्षात स्प्रिंग सुरुवातीलाच थोडी जास्त दाबून ठेवली जाते. तिचा कडकपणा आहे तेवढाच राहतो. आणि हा कडकपणा सगळ्यांना एकच. स्वार बसल्यावर 100 मिलिमीटरचा फोर्क 15 ते 25 मिलिमीटर दबायला हवा. याला सॅग म्हणतात. चाकाला खड्ड्यात खाली उतरता यावं म्हणून ती जागा राखलेली असते. तुमच्या फोर्कवर 45 किलोची मुलगी बसली तर तो हलतच नाही आणि 95 किलोचा गृहस्थ बसला तर बराचसा प्रवास बसल्याबसल्याच संपतो. हवेच्या फोर्कमध्ये शॉक पंपाने हवा कमी-जास्त केली की दोघांचीही सोय होते. ती मुलगीही सायकल चालवते, हे तुम्ही लक्षातच घेतलेलं नाही.

मी पुण्यात सायकल चालवतो, म्हणून पुण्याचं सांगतो. वेताळ टेकडीवरच्या मुरमाच्या आणि काळ्या दगडाच्या वाटांवर अशा सायकली घेऊन पोरं मोठ्या हौसेने येतात. उतरताना पुढचा ब्रेक दाबला की फोर्क तळाला जातो, सोडला की उसळतो. 28 मिलिमीटरच्या बारीक नळ्या वळणावर पीळ खातात आणि चाक भलतीकडेच जातं. पोराला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. कितीतरी जण एवढ्यावरच टेकडी सोडून देतात. सिंहगडाच्या घाटात हाल वेगळे. उभं राहून पॅडल मारायला गेलं की पायातला जोर फोर्क दाबण्यात जातो. साधा, न दबणारा लोखंडी चिमटा एक-सव्वा किलोचा असतो, तुमचा फोर्क अडीच किलोच्या घरात. म्हणजे किलोभराहून अधिक वजन चढावर वाहून न्यायचं, तेही चढावर काहीच उपयोग नसलेल्या भागाचं.

मग पावसाळा येतो. स्टँशनवरचा, म्हणजे फोर्कच्या आत-बाहेर सरकणाऱ्या नळीवरचा, पातळ क्रोम खरवडला गेला की खालचं लोखंड गंजतं. कोकणात खारी हवा असते, तिथे तर हे आणखी लवकर होतं. गंजलेली नळी सील फाडते, आत पाणी आणि चिखल जातो, ग्रीसचं कीटण होतं आणि हलणारा फोर्क जागीच आखडतो. खऱ्या फोर्कची देखभाल कंपन्या तासांवर सांगतात. रॉकशॉक्स दर 50 तासांनी खालचे पाय उघडून साफ करायला आणि तेल बदलायला सांगते. सील, बुश, तेल सगळं सुटं मिळतं. तुमच्या फोर्कचे सुटे भाग मागायला गेलं, तर दुकानदार खांदे उडवतो. मिस्त्री बिचारा वरून ऑइल सोडतो आणि ‘नवीनच टाका’ म्हणतो. यात दोष मिस्त्रीचा नाही. उघडून दुरुस्त करता यावी अशी वस्तूच तुम्ही त्याच्या हाती दिलेली नाही.

यावर तुम्ही काय म्हणणार, तेही ठाऊक आहे: गिऱ्हाइकालाच शॉकअप हवा असतो, साधा चिमटा दिला तर सायकल खपत नाही. गिऱ्हाइकाला शॉकअप हवा असतो, कारण तो काम करतो असं तुम्हीच त्याला जाहिरातीत उडी मारणारा पोरगा दाखवून शिकवलंत. बारा हजार जमवायला कोणाकोणाच्या घरी काही महिने लागतात. पैसा कमी असणाऱ्याला चुकीची वस्तू परवडतच नाही, कारण त्याच्याकडे दुसऱ्यांदा घ्यायला पैसे नसतात. म्हणून कमी किमतीच्या मालात प्रामाणिकपणा जास्त लागतो.

आणि त्याच पैशात चांगली सायकल होते. ताठ चिमटा द्या, फोर्कवरचे वाचलेले पैसे टायर आणि ब्रेकमध्ये घाला. सव्वादोन इंची रुंद, चांगल्या रबराच्या टायरमध्ये मध्यम वजनाच्या स्वारासाठी 30 पीएसआयच्या आसपास हवा ठेवली, तर दगडावर टायर स्वतःच दबतो, पकड धरतो आणि हातांना तुमच्या फोर्कपेक्षा जास्त आराम देतो. हवा त्याहून फार उतरवली तर ट्यूब दगड आणि रिमच्या मध्ये चिमटते. एवढं एक सांभाळलं की बाकी काही बिघडण्यासारखं राहत नाही. अशी सायकल हलकी असते, वळवाल तशी वळते आणि वर्षानुवर्षं चालते. ती दुकानात टुणकन उडत नाही, एवढीच तिची चूक.

हे पत्र उघड असल्यामुळे सायकल घ्यायला निघालेले लोकही ते वाचतील. त्यांच्यासमोरच सांगतो. दुकानात हँडल दाबा, पण फोर्क खाली जाताना बघू नका, वर येताना बघा. सावकाश आणि आवाज न करता आला, तर आत डॅम्पर असण्याची शक्यता आहे. खटकन आला, तर नाही. पुढचा ब्रेक धरून सायकल मागे-पुढे हलवा. नव्या फोर्कमध्ये खुळखुळ जाणवली, तर तिथूनच परत फिरा. पायाच्या तळाशी रिबाउंडचा नॉब आहे का बघा. बहुधा तो लाल असतो. वरच्या टोपणाखाली हवेचा व्हॉल्व्ह आहे का बघा. दोन्ही नसतील, तर ‘फ्रंट सस्पेन्शन’ या शब्दांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

खरा फोर्क हवाच असेल, तर सनटूरचा रेडॉन, रॉकशॉक्सचे ज्युडी आणि रेकॉन, मॅनिटूचा मार्कहॉर हे हवेचे, डॅम्परवाले फोर्क सुरुवातीला पुरेसे आहेत. एकट्या फोर्कची किंमत साध्या सायकलीएवढी होऊ शकते, म्हणून मोजमाप आधी करा. चाक 26, 27.5 की 29 इंची. स्टिअरर, म्हणजे फ्रेममध्ये जाणारी फोर्कची नळी, सरळ 1 1/8 इंची की खाली दीड इंचापर्यंत रुंदावणारी. ॲक्सल 9 मिलिमीटरचा क्विक रिलीज की 15 मिलिमीटरचा थ्रू ॲक्सल. डिस्क ब्रेकची बैठक आहे की नाही. जुन्या फोर्कपेक्षा नवा 20 मिलिमीटर उंच झाला, तर पुढचा कोन साधारण एका अंशाने पडतो आणि सायकल वळायला जड जाते. सेकंड हँड घेत असाल, तर स्टँशनवर नख फिरवा, ओरखड्यात नख अडकलं तर सोडून द्या. आणि स्टिअरर आधीच आखूड कापलेला नाही ना, तेही पाहा, कारण कापलेला स्टिअरर वाढवता येत नाही.

आता तुमच्याकडे वळतो. माझ्या मागण्या तीन आहेत. पहिली, तुमच्या यादीत ताठ चिमट्याची आणि रुंद टायरची निदान एक माउंटन बाइक ठेवा आणि ती अडगळीत न ठेवता दुकानाच्या दर्शनी भागात उभी करा. दुसरी, जो फोर्क विकता त्याचे सील, बुश आणि स्प्रिंग सुटे विका, म्हणजे गल्लीतल्या मिस्त्रीला तो दुरुस्त करता येईल. तिसरी सर्वांत स्वस्त आहे. सायकलीच्या तांत्रिक तक्त्यात फोर्कचा ट्रॅव्हल, म्हणजे तो किती दबतो ते, तुम्ही मोठ्या अक्षरांत छापता. त्याच अक्षरांत खाली आणखी एक ओळ छापा: ‘डॅम्पर : नाही’. त्याला शाईशिवाय काही लागत नाही.

ती ओळ वाचून काय घ्यायचं, ते गिऱ्हाईक ठरवेल. तिच्यामुळे खप पडेल अशी तुम्हाला भीती वाटत असेल, तर तुम्ही आजवर काय विकत होतात ते तुम्हाला आधीपासूनच माहीत आहे. मग ओळ लपवू नका, फोर्क बदला.

कळावे,
पुण्यातला एक सायकलस्वार