मुलगी संकटात, बाप पत्त्यांत

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने २०१५ मध्ये आणलेल्या ‘द विचर ३’ या व्हिडिओ गेममध्ये नायक गेराल्टची मानसकन्या सिरी हिच्यामागे ‘वाइल्ड हंट’चे भुतासारखे स्वार लागले आहेत. तिच्यासाठी बाप जिवाचं रान करतोय, असं कथा सांगते. प्रत्यक्षात तो एका म्हातारीचं फ्रायपॅन शोधून देतो, घोड्यांच्या शर्यतीत उतरतो, सराईत बसून ग्वेंटचे पत्ते कुटतो आणि स्केलिगे बेटांच्या समुद्रात तस्करांचा माल शोधत बुड्या मारतो. शत्रूही मोठा समंजस! मुख्य कामगिरीला बापाने हात घालेपर्यंत तो सिरीच्या केसालाही धक्का लावत नाही. इतका सोशिक खलनायक लाभल्यावर घाई कोण करणार? मुक्त संचाराच्या खेळाची खरी चैन हीच : नकाशा अफाट, आणि टाळाटाळीलाही अनुभवाचे गुण.