तीस सेकंदांचे साडू

आमच्या साडूंनी आजवर नदीचे हजारभर फोटो काढले असतील, पण त्यातल्या एकातही पाणी नाही. असतं ते दूध, धुकं, फार तर पिंजलेला कापूस. "पाण्यात पाणी दिसलं की फोटो फुकट," असं त्यांचं मत आहे.

ते रोह्याचे, मी पेणचा. धंद्यात शाडू आणि नात्यात साडू, दोन्ही जपूनच हाताळावे लागतात. श्रावणात आमच्या गणपतीच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नसते. आखणीवाला डोळे आखायला बसला की त्याच्याजवळ शिंकायचीही चोरी. नेमके तेव्हाच साडू दिव्याच्या गाडीनं पेणला उतरतात, खांद्यावर ट्रायपॉड घेऊन, आणि विचारतात, "भोगावतीला पाणी कसंय?" गणपतीला नुसता लांबून नमस्कार.

सगळी भानगड एका काळ्या काचेची आहे. तिला एनडी फिल्टर म्हणतात. साडूंची दहा स्टॉपची आहे, म्हणजे उजेड हजार पटींनी कापते. सेकंदाच्या तिसाव्या हिश्शात निघाला असता तो फोटो मग तीस-पस्तीस सेकंद घेतो, आणि तेवढ्या वेळात वाहतं पाणी स्वतःवरच सारवलं जातं. काच इतकी काळी की तिच्यातून कॅमेऱ्यालाही धड दिसत नाही, म्हणून फोकस आधी करायचा आणि काच मागून लावायची. उजेडात जायचं आणि तोच अडवायचा. "मग रात्रीच का येत नाही?" असं मी एकदा विचारलं. प्लास्टरची मूर्ती शाडूची म्हणून विकणाऱ्याकडे आम्ही बघतो, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

पहिली काच हार्डवेअरच्या दुकानातली होती, वेल्डिंगची. तिच्यातून रोह्याची कुंडलिका नदी हिरवीगार आली. धाटावच्या केमिकल कारखान्यांकडच्या एका शेजाऱ्यानं फोटो बघून काळजीनं विचारलं, "आज कुणी सोडलं?" त्यानंतर खरी काच आली. तिची किंमत मेहुणीला सांगताना साडूंनी तीही बऱ्याच स्टॉपनी खाली आणली.

बाकीच्यांच्या नद्या पावसावर चालतात, साडूंची वीजघरावर. मुळशीचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याला येतं, टाटांच्या वीजघरात १९२७ पासून वीज करतं आणि मग कुंडलिकेत सुटतं. म्हणून कोलाडला भर उन्हाळ्यातही सकाळी नदी चढते आणि राफ्टवाले निघतात. फोटोत राफ्ट आली तर साडूंची हरकत नसते. "येऊ देत," ते म्हणतात, "तीस सेकंदांत माणूस उरत नाही." एकदा हे ते इतक्या शांतपणे म्हणाले की शेजारी उभं असलेलं एक कुटुंब गुपचूप पलीकडच्या खडकावर गेलं.

त्याच दिवशी पाणी आमच्याही खडकावर चढलं. साडूंनी आधी कॅमेरा उचलला, मग ट्रायपॉड, मग काच पुसून डबीत ठेवली आणि मग मला सांगितलं, "तुमची चप्पल चाललीय."

एवढा धीर धरणारा माणूस घरात शांत असेल असं वाटतं. छे! रेल्वेचं फाटक पडलं की ह्यांचा हॉर्न सुरू. चहाला उकळी येईपर्यंत तीनदा स्वयंपाकघरात डोकावणार. धीर आहे तो फक्त पाण्यासाठी, तोही घड्याळ लावून. आणि त्या तीस सेकंदांत आपण पाऊल हलवायचं नाही, ट्रायपॉड थरथरतो. फोटो झाला की कॅमेरा आणखी तीस सेकंद नुसता विचार करत बसतो. नॉइज काढतो म्हणे. तेवढ्यात बोललं तर चालतं.

गेल्या भाऊबीजेला आम्ही सोळा जण रोह्याला जमलो. सगळ्यांचा एक फोटो, कुंडलिकेच्या काठी, असं ठरलं. साध्या फोनवर निभावलं असतं. पण मागची नदी रेशमी यायला हवी, म्हणून साडूंनी काच चढवली, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि धावत येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. "आता कुणी हलायचं नाही!" सातव्या सेकंदाला धाकट्याला डास चावला. मेहुणीनं पदर सारखा केला. मला शिंक आली. साडू दर पाच सेकंदांनी घड्याळ बघत होते.

फोटो अप्रतिम आला. नदी रेशमी, काठावरचा दगडन् दगड स्पष्ट, आणि मधोमध खुर्चीवर सासूबाई एकट्या, सुरकुत्यांसकट. गुडघ्यांमुळे त्या एकदा बसल्या की हलत नाहीत. त्यांच्याभोवती पंधरा जणांचे पाय, आणि पायांच्या वर वाफ.

सासूबाईंनी तो मोठा करून दिवाणखान्यात लावला आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, "एकट्याच गेला होतात नदीवर?"

"एकटी कशी? दोन्ही जावई आहेत की," म्हणत त्या उठतात आणि काचेवर बोट ठेवतात. "ही कोलाडनंतर घेतलेली नवी चप्पल, हे पेणचे. आणि हे बूट रोह्याचे."