साडेसाती

इतरांच्या घरी साडेसाती जावी म्हणून शनिवारी मारुतीला तेल घालतात. आमच्या समोरच्या बंडूची आजी साडेसात यावेत म्हणून घालत होती. एकाच रांगेत उभं राहून दोन बायका अशी उलटसुलट मागणी करू लागल्यावर मारुती गोंधळला असेल, तर त्यात त्याची चूक नाही.

हे साडेसात म्हणजे आयेल्ट्स या परीक्षेचे. परदेशी शिकायला किंवा स्थायिक व्हायला निघालेल्यांचं इंग्रजी ही परीक्षा १९८९ पासून तपासते आहे. गुण नऊपैकी, आणि त्यांना गुण म्हणायचं नाही, 'बँड' म्हणायचं. बंडूला ज्या विद्यापीठात एमएस करायचं होतं, त्यांची अट होती : एकूण साडेसात, आणि कुठल्याही विभागात सहाच्या खाली नाही. ही बातमी जिन्यातून खाली येईपर्यंत सोसायटीतल्या पोरांनी बंडूच्या डोक्यावर चंद्र काढून त्याचा बँडू केला होता.

पुण्यात असे बँडू पुष्कळ. हा प्राणी संध्याकाळी कर्वे रोडवरच्या क्लासांच्या जिन्यात कळपानं आढळतो. पाठीला सॅक, कानात बीबीसी, आणि ओठ मारवाड्याच्या हिशेबासारखे आतल्या आत हलत असतात. एरवी तो तुमच्याआमच्यासारखाच दिसतो. ओळखायचा झाला तर तोंडावरून, म्हणजे तोंडातून काय पडतं त्यावरून. तो 'बट' म्हणत नाही, 'नेव्हरदलेस' म्हणतो. 'मेनी' हा शब्द त्याच्या लेखी वारला आहे. त्याच्या जगात जे काही असतं ते 'अ प्लेथोरा ऑफ' असतं. मंडईत भाज्यांचा प्लेथोरा, सिग्नलला दुचाक्यांचा प्लेथोरा. हा शब्द मुळात वैद्यांचा, अंगात रक्त फार झाल्याच्या आजाराचा, हे मी त्याला एकदा सांगितलं. तो म्हणाला, "काका, मीनिंग इव्हॉल्व्ह होतं." आजीनं आतून विचारलं, "कसला पेटारा रे?"

आजीला ऐकू कमी येतं, पण त्या दिवशी तिनं बंडूवर उपकार केले. 'प्लेथोरा म्हणजे पेटारा, उघडला की भरभरून' अशी नोंद त्यानं वहीत केली आणि त्याला आपल्या आयुष्याची गुरुकिल्ली सापडली. त्या दिवसापासून तो एकेका इंग्रजी शब्दाला मराठी खुंटी ठोकू लागला. ती वही मी पाहिली आहे. पेन्युरी म्हणजे दारिद्र्य : खिशात फक्त पेन उरी. सोम्नोलंट म्हणजे पेंगुळलेला : सोमवारी ऑफिसात असतो तो. लॅसिट्यूड म्हणजे गळाठा : लस्सी प्यायल्यावर येतो तो. गलिबल म्हणजे सहज फसणारा : गल्लीतला बैल. गल्लीतला बैल वाचून मी मनात टाळी वाजवली. छत्तीस वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं, मला हे एकदाही सुचलं नाही.

अडचण एवढीच की गरजेच्या वेळी खुंटी हाताला लागायची आणि शब्द गळून पडलेला असायचा. क्लासात सरांनी 'थकव्याला चांगला शब्द सांगा' म्हटलं, तर बँडू उभा राहून ठामपणे म्हणाला, "लस्सी."

घरातल्या सगळ्या पृष्ठभागांवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटल्या. फ्रिजवर 'पेरिशेबल', आरशावर 'नार्सिसिस्ट', टीव्हीवर 'इनेन'. देवघराच्या चौकटीला 'ऑम्निप्रेझंट' लावलं तेव्हा आजीनं हरकत घेतली नाही; उलट रोज पूजेच्या वेळी त्या चिठ्ठीलाही हळदकुंकू वाहू लागली. बाबांच्या आरामखुर्चीवर 'सेडेंटरी' लावलं, त्यावर मात्र दोन दिवस अबोला झाला. अबोला सुटला तो बंडूला 'टॅसिटर्न', म्हणजे अबोल, हा शब्द सापडला म्हणून. तो त्यानं बाबांना उदाहरणासकट समजावून सांगितला.

मग अप्पा बळवंत चौकातून नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' आलं. १९४९ सालचं हे अमेरिकन पुस्तक मराठी घरांत ज्ञानेश्वरीच्या खालोखाल असतं, आणि ज्ञानेश्वरीइतकंच वाचलं जातं. कुठलीही जुनी प्रत उघडून पाहा. पहिली चाळीस पानं मळकी, कोपरे दुमडलेले, पेन्सिलीच्या रेघा. पुढची पानं नवरीसारखी कोरी. सुरुवातीचं एक प्रकरण माणसांच्या स्वभावांवर आहे, त्यामुळे त्या पंधरवड्यात सोसायटीतल्या प्रत्येकाचं निदान झालं. सेक्रेटरी इगोटिस्ट निघाले. तिसऱ्या मजल्यावरचे अविवाहित काका मिसॉगमिस्ट, म्हणजे लग्नद्वेष्टे, ठरले. ते बिचारे गेली पंधरा वर्षं वधुवर सूचक मंडळाची फी भरतायत. पुढच्या प्रकरणात नाना प्रकारचे डॉक्टर येतात. तिथं बंडूची खूण अडकली ती अजून तिथंच आहे.

हा प्राणी नवा आहे असंही नाही. चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं, तेव्हापासून आपल्यात ते दूध नुसतं न पिता आटवून बासुंदी करणारे पुष्कळ झाले. बंडूच्या पणजोबांना तर्खडकरांची भाषांतर पाठमाला तोंडपाठ होती. त्या जोरावर त्यांना कारकुनी मिळाली आणि कारकुनीच्या जोरावर पणजी. त्यांच्या अर्जांतलं इंग्रजी एवढं वजनदार होतं म्हणतात की साहेब ते वाचायच्या आधीच रजा मंजूर करी. म्हणजे बंडूला हे रक्तातूनच आलं होतं. त्याच्याच भाषेत सांगायचं तर रक्ताचा प्लेथोरा.

आता पाण्याच्या टाकीचं सांगतो. गच्चीवरची टाकी धुवायची होती. सोसायटीत निम्मे भाडेकरू बाहेरच्या राज्यांतले, म्हणून सेक्रेटरींनी सूचना इंग्रजीत लिहायचं काम बंडूला दिलं. 'उद्या पाणी येणार नाही, आज भरून ठेवा' एवढंच सांगायचं. बंडू रात्री अकरापर्यंत संगणकावर शिफ्ट आणि एफ सात ही बटणं दाबत बसला. ती दाबली की शब्दाचे भाऊबंद पडद्यावर येतात, आणि बंडू त्यांतला सर्वांत लांब नाकाचा निवडायचा. सकाळी लिफ्टपाशी सूचना झळकली : 'ऑल रेसिडेंट्स आर हिअरबाय अप्राइज्ड ऑफ द इमिनंट सेसेशन ऑफ अ‍ॅक्वाटिक प्रोव्हिजन.'

दिवसभर लोक त्या कागदापुढे थांबून जात होते. पहिल्या मजल्यावर आनंद झाला, कारण 'अ‍ॅक्वाटिक' म्हणजे पोहण्याचा तलाव होणार अशी बातमी उठली. चौथ्या मजल्यावरच्या हिशेबनीसांनी 'सेसेशन' पाहून पाण्यावर नवा सेस लागणार असं सांगितलं आणि विरोधाच्या अर्जावर सह्या घ्यायला सुरुवात केली. पाणी मात्र कुणीही भरलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, वेळ पाहा, सगळ्या इमारतीतून डोक्याला फेस लावलेले लोक पॅसेजमध्ये बंडूच्या नावानं ओरडत होते. त्यांचं इंग्रजी अतिशय साधं होतं आणि अर्थ एकालाही विचारावा लागला नाही.

पहिली परीक्षा त्यानंतर दोन आठवड्यांनी झाली. सतरा-अठरा हजार रुपये फी. निबंधाला चाळीस मिनिटं आणि किमान अडीचशे शब्द. पैकी पंधरा मिनिटं बंडू वहीतल्या खुंट्या चाचपडत होता. तोंडी परीक्षेत परीक्षकानं पहिलाच प्रश्न विचारला, तू राहतोस कुठे? हा प्रश्न घाबरलेल्या माणसाला सैल करायला असतो. बंडू म्हणाला, 'आय रिसाइड इन अ क्विंटेसेन्शियल, बसलिंग मेट्रोपोलिस, रिप्लीट विथ अ प्लेथोरा ऑफ एडिफिसेस.' म्हणजे कोथरूडला.

ऐकणे सात, वाचणे साडेसात, लिहिणे साडेपाच, बोलणे सहा. सरासरी साडेसहा.

निकाल घेऊन तो माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला, पण कणा ताठ. "काका, मी एका निबंधात एकोणीस ॲडव्हान्स्ड शब्द वापरले. एकोणीस!" मी निबंध आठवून लिहून काढायला सांगितला. तिसऱ्याच ओळीत 'पॉवरफुल टी' होता. चहा कडक, कडक म्हणजे स्ट्राँग, स्ट्राँगचा मोठा भाऊ पॉवरफुल. बंडूच्या हिशेबात चूक नव्हती. पण इंग्रज चहाला पॉवरफुल म्हणत नाही. का, ते त्यालाही सांगता येणार नाही.

मी तपासणीची पद्धत समजावू लागलो. शब्दसंपत्तीला एकूण चौथाईच वाटा असतो, बाकी तीन वाटे मुद्द्याला, बांधणीला आणि व्याकरणाला. त्या चौथाईतही शब्द किती दुर्मिळ एवढंच बघत नाहीत, तो शेजाऱ्यांशी नीट नांदतो का हेही बघतात. बंडू मान हलवत होता, पण डोळ्यांत सोमवार होता. तेवढ्यात समोरून आजी चहा घेऊन आली. मी तिला विचारलं, "आजी, समजा एखादी मुलगी म्हणाली, मी भाकरी लाटली आणि पोळी थापली, तर?"

"तर तिनं आयुष्यात दोन्ही केलं नाही," आजी म्हणाली. "भात लावतात, वरण शिजवतात, पापड लाटतात, गवऱ्या थापतात. हे काय विचारायचं असतं?"

"पण दोन्हीमध्ये पीठ चपटंच होतं ना आजी?" बंडू म्हणाला.

"मग तू गवरीला तूप लावून खा."

माझ्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत शब्दांच्या शेजारधर्मावर इतका चोख पाठ मी घेतला नव्हता. बंडू थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानं वही काढली आणि प्रथमच सुटा शब्द न लिहिता जोडी लिहिली : 'स्ट्राँग टी, हेवी रेन.' खाली कंसात 'भाकरी थापणे'.

पुढचे दोन महिने आमच्या गच्चीत क्लास चालला. नियम एकच : रोज एक गोष्ट इंग्रजीत सांगायची, आणि गच्चीत शब्दकोश आणायचा नाही. सुरुवातीला फार हाल झाले. मोठे शब्द काढून घेतल्यावर बंडू गणवेश उतरवलेल्या हवालदारासारखा दिसू लागला. हात कुठे ठेवावेत कळेना. पण हळूहळू बोलू लागला. आजी वाळवण राखत ऐकायची. तिला इंग्रजी कळत नाही, पण गोष्ट रंगली की नाही हे बरोबर कळायचं, कारण रंगली नाही की ती कावळे हाकायची.

चिठ्ठ्या घरभर तशाच होत्या, हेही सांगायला हवं. व्यसनं अशी दोन महिन्यांत सुटत नाहीत. एकदा खाली मुलं पतंग उडवत होती, त्यांना तो 'एक्झुबरंट' म्हणाला. मी ऐकून सोडून दिलं. शब्द चुकीचा नव्हताच, आणि मुलंही खरोखर तशीच होती.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी दुपारी बंडू थेट गच्चीवर आला. तोंडी परीक्षेचं सांगत होता. मधल्या भागात एक कार्ड देतात. त्यावरच्या विषयावर मिनिटभर विचार करायचा आणि दोन मिनिटांपर्यंत सलग बोलायचं. क्लासच्या सर्वांनी थोर व्यक्ती म्हणून डॉ. कलाम आणि ऐतिहासिक स्थळ म्हणून सिंहगड घोटून नेलेला असतो, आणि पाठ केलेलं परीक्षकाला लगेच कळतं. बंडूच्या कार्डावर ना कलाम आले ना सिंहगड. 'तुम्ही स्वतः पाहिलेला एखादा रानातला प्राणी.'

"मला काका, एकच आठवलं. आपल्या वेताळ टेकडीवरचं मुंगूस. लहानपणी आजी न्यायची तेव्हा दिसायचं ते. पण इंग्रजी शब्दच आठवेना. एवढ्या वहीत मुंगूस नाही! शेवटी म्हटलं जाऊ दे, आणि सांगून टाकलं, 'इन माय लँग्वेज वुई कॉल इट मुंगूस.'"

"मग?"

"त्यानं मान डोलावली. जसं काही रोज ऐकतो. त्याला मराठी येतं का हो?"

मी त्याला वीरकरांचा कोश आणायला लावला. नियम त्या दिवसापुरता मोडला. मुंगसापुढे इंग्रजीत छापलं होतं : मंगूस. शब्द मराठीच. साहेब इथून जाताना बरंच काही घेऊन गेला, त्यात हेही गेलं. बंडू पानाकडे बघतच राहिला. साडेतीन हजार शब्दांची यादी घोकली, आणि वेळेला उपयोगी पडला तो आजीनं फुकट दिलेला.

मग त्यानं परीक्षकाला काय सांगितलं, तेही सांगितलं. मुंगूस आडवं गेलं की दिवस चांगला जातो असं आजी मानते. ते दिसलं की आम्ही जागच्या जागी थांबायचो, आणि त्यानं वळून तोंड दाखवावं म्हणून आजी त्याला रामाची शपथ घालायची. ते बहुतेक वेळा वळायचं. का वळायचं ते मला अजून ठाऊक नाही. एवढंच. एकही प्लेथोरा नाही.

"मुंगूस निघालं ना?" आजी वाळवणाकडून म्हणाली. "मग झालं काम."

ऐकणे आठ, वाचणे आठ, लिहिणे सहा, बोलणे सात. बेरीज एकोणतीस, भागिले चार, सव्वासात. पण या परीक्षेत पाव असला की तो वर उचलून अर्धा करतात. कागदावर छापून आले साडेसात.

पेढे वाटून झाल्यावर बंडूनं आजीला निकालपत्र दाखवलं. तिनं ते आधी देवापुढे ठेवलं, मग चष्मा लावून उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "हे आता जन्मभराचं ना?"

"नाही गं आजी, दोन वर्षंच चालतं. नंतर परत द्यावी लागते."

"दोनच?" आजी निकालपत्र परत करत म्हणाली. "त्यापेक्षा आपली शनीची बरी. साडेसात म्हटलं की साडेसात."