उदरपंतांच्या चौथाईविषयी

राजमान्य राजश्री उदरपंत यांसी,

कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. हे पत्र उघडेच धाडीत आहे, कारण आपला विस्तार आता इतका सार्वजनिक झाला आहे की त्याविषयी खासगीत बोलण्याची सोय राहिलेली नाही.

1719 साली बाळाजी विश्वनाथ दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन दिल्लीहून परतले, हे आम्ही शाळेत अभिमानाने घोकले. परंतु त्याच सनदांच्या जोरावर आपण त्याच दिल्लीत माझ्या प्रत्येक कामावर, मग ते तडीस जावो वा बुडीत निघो, शेकडा 35 ची वसुली चालवाल, अशी शंका आमच्या मास्तरांनाही आली नसेल.

गेल्या मंगळवारची हकीकत घ्या. थालीपीठ आणि दही आपल्या पदरी घालूनच घराबाहेर पडलो होतो. मंडी हाऊसला उतरून कोपर्निकस मार्गाला लागलो, तेव्हा कमानी सभागृहापर्यंत आपण स्वस्थ होता. जुन्या महाराष्ट्र सदनाचे फाटक दिसताच मात्र, फोडणीचा वास आला न आला तोच, आपणांस मायभूमीची अशी काही ओढ लागली की दोन बटाटेवडे हे देशभक्तीचे किमान कलम ठरले. पुढे एका कचेरीत (नाव सांगत नाही, माझी फाईल अद्याप तिथेच आहे) मान वर न करता ‘लंच के बाद’ असे फर्मान सुटले. अर्ध्या तासाची ती सुट्टी दोन तास लांबली. त्याची नुकसानभरपाई आपण बंगाली मार्केटात छोले-भटुऱ्यांच्या रूपाने घेतली आणि काम न झाल्याच्या सांत्वनार्थ वर रसमलाई मागितली. काम झाले असते तर तीच रसमलाई आनंदाप्रीत्यर्थ मागितली असती, इतका मी आपणांस ओळखून आहे.

पंत, माझी फिर्याद भुकेविरुद्ध नाही. भूक त्या दिवशी एकदाही हजर नव्हती. बाकावर बसून टोकनाची चिठ्ठी चुरगाळणाऱ्या माणसाला जे पोखरते ते रिकामपण. त्याची नोंद भूक म्हणून करणे ही निव्वळ अफरातफर होय. भटुरा हवेनेच फुगलेला असतो, हा आपला बचावही ऐकला. परंतु ग्रॅमभर पिष्टाचे उष्मांक 4 आणि ग्रॅमभर तेलाचे 9, हा हिशेब कढईला पुरता ठाऊक असतो. भारतीय पुरुषाच्या कमरेची सरहद्द वैद्यांनी 90 सेंटिमीटरवर आखून दिली असता आपण ती केव्हाच ओलांडून पलीकडे ठाणी वसविली आहेत. ज्याच्या नावाच्या रस्त्यावर हे घडते त्या कोपर्निकसाने 1543 च्या ग्रंथात पृथ्वीला विश्वाच्या मध्यावरून हलविले. तो वैद्यकीही करीत असे, पण आपणांस मध्यावरून हलविणे त्यालाही साधले असते असे वाटत नाही.

म्हणून तहाचा मसुदा मीच करतो. सदनातला वडा आपणांस तोडीत नाही, तेवढा मी निर्दय नाही. पण तो एकच, आणि ज्या दिवशी वडा त्या दिवशी भटुरा बाद. प्रतीक्षेच्या तासांसाठी कोटाच्या खिशात फुटाण्यांची पुडी आणि पिशवीत पाण्याची बाटली राहील. थंडीत कोळशावर भाजलेली रताळी घेऊन गाडीवाला उभा असतो. सुरीने साल सोलून, फोडी करून, वर लिंबू आणि मसाला चोळून तो पानाचा द्रोण हाती देतो, तेव्हा बोटे आणि आपण दोघेही एकदमच ऊबदार होतो. त्यावर माझी हरकत नाही. उभ्याने नव्हे, बसून आणि शेवटची फोड संपेतो फाईल न उघडता खावे, एवढी मात्र अट आहे.

कळावे, लोभ असावा, वाढ नसावी.

आपला आज्ञाधारक भारवाहक

ता. क. : कमरपट्ट्याला नवे भोक पाडण्यासाठी चालू वर्षात तरतूद नाही.