नेमणुकीचा हुकूम

परमेश्वराची सत्ता मान्य करण्यात मला कधीच अडचण वाटली नाही. आकाश, समुद्र आणि दूरदेशीच्या बादशाह्या यांवर त्याने खुशाल अंमल करावा, अशी माझी बालपणापासून परवानगी आहे. प्रश्न उपस्थित होतो तो रविवारी सकाळी, कारण माझ्या अंगचे वक्तृत्व पाहता देवबापाने मला व्यासपीठासाठीच पाचारण केले असले पाहिजे, असा माझा प्रामाणिक समज असताना आमच्या चर्चच्या पंचमंडळींच्या कामवाटपाच्या यादीत माझ्या नावापुढे वर्षानुवर्षे ‘सतरंज्या’ एवढेच लिहिलेले असते.

व्यासपीठावरून आठवले, विषयांतर होत असले तरी आमच्या प्रार्थनांविषयी सांगितल्यावाचून राहवत नाही. कोल्हापूर हे दरबारी वळणाचे शहर. तेव्हा येथल्या माणसाने हुजुरात अर्जी गुदरावी तशी प्रार्थना करावी, यात नवल नाही. आधी किताब, मग तक्रार, आणि मग ‘हे प्रभो, तुला ठाऊकच आहे’ असे म्हणून त्याला ठाऊक असलेलेच सगळे पुन्हा सविस्तर सांगायचे: पंचगंगेचे पाणी कुठवर चढले, राजाराम बंधारा बुडाला की नाही, अमक्या भगिनीची साखर किती वाढली, तमक्या बंधूंच्या धाकट्याचे लग्न कोठे अडले. मंडळीच्या एका वडिलांनी (एल्डरांनी) तर डोळे मिटल्या मिटल्या, फाटकात आडवी लावलेली मोटारसायकल कोणाची, असे प्रत्यक्ष प्रभूला विचारले, आणि मालक ‘आमेन’च्या आधीच उठून गेला. माझी प्रार्थना या सर्वांहून सरस असते, हे विनयपूर्वक नमूद करतो. ती चालू असताना मुले झोपतात, जागी होतात आणि पुन्हा झोपतात. मात्र इतके अर्ज दाखल केल्यावर वरून काय हुकूम होतो, हे ऐकायला कोणी क्षणभरही थांबत नाही. मीही नाही. आमेन म्हणताच आम्ही चपला शोधू लागतो.

सतरंज्यांच्या विरोधात मी इतिहासाचाही दाखला काढून पाहिला. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली अहमदनगरहून येथे आले. पुढे त्यांना धाडणाऱ्या अमेरिकन बोर्डाने कोल्हापूरचे काम सोडले, तरी हा गृहस्थ मायदेशाहून येथे माघारी येऊन स्वतंत्रपणे राबत राहिला, आणि १८७० साली ते काम प्रेस्बिटेरियन बोर्डाने पत्करले. तेव्हा वाइल्डरसाहेबांनी जर वरिष्ठांना जुमानले नाही, तर मी एका यादीला का जुमानावे, असा बिनतोड सवाल मी घरी टाकला. सौभाग्यवती भाकरी थापता थापता म्हणाल्या, “अहो, त्यांना नको म्हटलेलं काम करायचं होतं. तुम्हाला सांगितलेलं करायचं नाही.”

या उत्तरावर मी गप्प बसलो, आणि त्याला कारण आमच्या मावशी. मिरजेला डॉ. वॉन्लेस यांनी उभारलेल्या इस्पितळात रुग्णांची सेवा करून त्या निवृत्त झाल्या. गुडघे सुजलेले, तरी पहिल्या घंटेच्या आधी हजर. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहाची एकेक प्रत त्या पदराने पुसून बाकावर ठेवतात, आणि जिची शेवटची पाने गळाली आहेत ती स्वतःकडे घेतात, कारण ती गीते त्यांना पाठ आहेत. पाचारणाविषयीचे माझे चिंतन मी त्यांना एकदा ऐकवले, तर म्हणाल्या, “व्हय बाळा, जरा सरक, तुझ्यामागं धूळ हाय.” वार्षिक सभेत शाल-श्रीफळ देण्याच्या यादीत या बाईचे नाव आजवर कधीही आलेले नाही. माझे येऊन गेले. हे लिहिताना मला विनोद सुचत नाही. संताप येतो, आणि त्यातला थोडा त्या शालीवरही येतो, जी मी नाही म्हणायच्या आत खांद्यावर घेतली होती.

येत्या सभेत नवे वडील निवडायचे आहेत. आमच्या मंडळीतील बंधुभगिनींना माझी नम्र विनंती आहे की, सर्वांनी मत मावशींनाच द्यावे. फक्त त्यांचे नाव सुचवण्याचे काम माझ्याकडे सोपवावे, आणि त्या प्रास्ताविकासाठी मला निदान अर्धा तास द्यावा.